द्राक्षाचे टोपडे

नोव्हेंबरच्या मध्यावर निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या द्राक्षबागेत सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शिरावे आणि मांडवाखालून वाकून एक ओळ चालून यावी. बाहेर आल्यावर बाहीवर, खांद्यावर, केसांत बारीक हिरवट-तपकिरी कोंडा पडलेला दिसतो. बागेत रोज राबणारी माणसे तो न पाहताच झटकतात. मीही पहिल्यांदा झटकला होता. सोबतच्या बागायतदाराने त्यातला एक कण बोटाच्या टोकावर घेऊन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "सर, हे फूल आहे. म्हणजे फुलाचं टोपडं आहे." भिंगातून पाहिले, तर पाच पाकळ्या वरच्या टोकाशी घट्ट जुळलेल्या आणि खालून चांदणीसारख्या फाकलेल्या. उंची जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. तान्ह्या बाळाच्या डोक्यावरून काढून ठेवावे, तसे ते टोपडे होते.

मोगरा, जास्वंद, कमळ, आपल्या ओळखीची बहुतेक फुले पाकळ्या उघडून उमलतात. द्राक्षाचे फूल पाकळ्या टाकून उमलते. आपण ज्याला फुलाचे रूप म्हणतो, जे देवाला वाहतो, केसांत माळतो, तेच हे फूल सर्वांत आधी उतरवून ठेवते. उमललेल्या द्राक्षफुलाला त्यामुळे डोळ्यांत भरणारा रंग नाही आणि आकारही नाही. देशातली बहुतेक द्राक्षे ज्या महाराष्ट्रात पिकतात, तिथेही हे फूल ओळखणारी माणसे बागेबाहेर फारशी सापडत नाहीत. बागेतसुद्धा त्याचा उल्लेख 'बाग फ्लॉवरिंगला आली' आणि 'सेटिंग चांगलं झालं', म्हणजे मणी चांगले धरले, एवढ्यापुरताच होतो. मला ही उपेक्षा खटकते. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेटीत जाणारा प्रत्येक मणी या चार-पाच मिलिमीटरच्या फुलात आठ-दहा दिवसांत ठरतो. द्राक्षाची शेती ही मुळात फुलाची शेती आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

उमलायच्या आधीची एक कळी घ्या. ती टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी, खाली निमुळती, वर फुगीर असते. तळाशी एक बारीक कंगोरा दिसतो. तो निदलपुंज, म्हणजे फुलाचा हिरवा बाहेरचा वेढा. गुलाबात तो पाच हिरव्या पट्ट्यांचा असतो; इथे पाचही दले आटून नुसती कड उरली आहे. कळीचे रक्षण करायचे काम निदलांनी सोडून दिल्यावर ते पाकळ्यांकडे आले, आणि पाकळ्यांनी एकत्र येऊन टोपडे केले. सुईने ते अलगद उचलले, की आत पाच पुंकेसर दिसतात. बहुतेक फुलांत पुंकेसर दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीसमोर उभे असतात. द्राक्षात मात्र प्रत्येक पुंकेसर थेट एका पाकळीसमोर उभा असतो. ही साऱ्या द्राक्षकुळाची खूण आहे. पुंकेसरांच्या मधोमध सुरईच्या आकाराचा अंडाशय, त्यावर आखूड मान आणि टोकाला चिकट कुक्षी. अंडाशयाच्या बुडाशी, दोन पुंकेसरांच्या मधे मधे पाच पिवळसर ग्रंथी असतात. पुस्तके त्यांना मधुग्रंथी म्हणतात, पण लागवडीतल्या द्राक्षात त्यांतून मध असा फारसा पाझरत नाही.

अंडाशय आडवा कापला तर दोन कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्यात दोन बीजांडे. दोन दुणे चार. म्हणून बी असलेल्या द्राक्षाच्या मण्यात सहसा चारपेक्षा जास्त बिया सापडत नाहीत. बहुधा दोन किंवा तीनच सापडतात, कारण चारही बीजांडांचे फलन क्वचित साधते.

आता उमलण्याकडे येऊ. टोपडे हिरवे असते तोवर कळी बंद. मग तळाशी, जिथे पाकळ्या फुलाच्या आसनाला जोडलेल्या असतात, तिथल्या पेशींची पकड सैल होते. पाकळ्या एकमेकींना मात्र सोडत नाहीत. शेजारच्या दोन कडांवरच्या पेशी एकमेकींत अडकून बसलेल्या असतात, जुन्या लाकडी पेटीच्या कोपऱ्यावर दोन फळ्यांचे दाते एकमेकांत बसवलेले असतात तशा. खालून सुटलेल्या पाकळ्या बाहेरच्या बाजूला वळतात, आत अवघडून बसलेले पुंकेसर ताठ होऊ लागतात आणि दोहोंच्या जोराने टोपडे वर उचलले जाते. कधी ते एकदम उडते, कधी एखाद्या परागकोशावर तिरपे लटकून तपकिरी होईपर्यंत राहते. एका घडातली सगळी फुले एका दिवशी उमलत नाहीत. घडाचा फुलोरा आठवडाभर, कधी दहा दिवसही चालतो. निम्मी टोपडी गळली की पूर्ण फुलोरा आला असे शास्त्रज्ञ धरतात, आणि बागेतल्या पुढच्या कामांचे दिवस तिथूनच मोजले जातात.

उमलण्याची मुख्य वेळ सकाळची. तापमान १५ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर काम जवळजवळ थांबते. २० ते ३० अंशांत ते सुरळीत चालते. पाऊस किंवा गारठा आला, तर टोपडे सुटूनही पडत नाही, कुक्षीवर ओले चिकटून बसते आणि फूल झाकलेलेच राहते. नोव्हेंबरात नाशिकची पहाट पंधराच्या खाली जाऊ शकते. उन्हे वर येईपर्यंत बाग गप्प असते, आणि मग तासाभरात कोंडा पडायला लागतो.

टोपडे घालणारे हे एकच फूल नाही. जांभळाच्या पाकळ्याही एकमेकींना चिकटून एका चकतीसारख्या गळतात; मोहराच्या दिवसांत जांभळाखालच्या जमिनीवर त्या बारकाईने शोधाव्यात. निलगिरीच्या कळीचे झाकण तर सहज दिसते. पण ही दोन्ही झाडे जांभूळकुळातली, द्राक्षाशी त्यांचे जवळचे नाते नाही. उलट द्राक्षाची सख्खी म्हणावी अशी हाडजोडी, म्हणजे कांडवेल, कुंपणावर असते. तिच्या चार पाकळ्या सुट्या सुट्याच उघडतात. द्राक्षकुळात इतरांपासून खरे द्राक्ष वेगळे काढायचे, तर वनस्पतिशास्त्रज्ञ फळ पाहत बसत नाहीत, टोपडे पाहतात.

फुलोऱ्यातल्या बागेला वास असतो. तो जाई-जुईसारखा अंगावर येत नाही. मंद, गोडसर, किंचित हिरवा असा असतो आणि पहाटे जास्त जाणवतो. बायबलमधल्या गीतरत्नात फुललेल्या द्राक्षवेलींच्या सुगंधाचा उल्लेख आहे, म्हणजे फार पूर्वीच कुणीतरी तो टिपला होता. २००९ मध्ये काबर्ने सोव्हिन्यों या जातीवर झालेल्या संशोधनातून असे दिसले, की हा वास मुख्यतः परागकणांतच तयार होतो. पाकळ्या नाहीत म्हटल्यावर वासाचे काम परागांनी उचलले. त्यातला एक प्रमुख घटक व्हॅलेन्सीन, जो व्हॅलेन्सिया संत्र्याच्या सालीतही असतो आणि ज्याचे नावही त्या संत्र्यावरूनच पडले आहे.

एवढा वास कुणासाठी? मधमाश्या आणि भुंगेरे येतात, पराग खातात, पण लागवडीच्या द्राक्षाला त्यांची फारशी गरज नसते. टोपडे निघता निघताच परागकोश फुटतात आणि पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात. थोडे काम वारा करतो. फूल स्वतःच स्वतःला पुरेसे आहे. मात्र हे नेहमीच असे नव्हते, आणि इथे द्राक्षाचा सगळा इतिहास दडलेला आहे.

रानातल्या द्राक्षवेली नर आणि मादी अशा वेगवेगळ्या असतात, आपल्याकडे पपईची झाडे असतात तशा. नरवेलीच्या फुलात पुंकेसर उंच, अंडाशय खुरटा. मादीवेलीच्या फुलात अंडाशय भरदार, पुंकेसर आखूड, मागे वळलेले आणि पराग वांझ. शेजारी नर नसेल तर मादीला फळ नाही, आणि नराला तर कधीच नाही. अशा रानात कधीतरी दोन्ही अवयव धड असलेली वेल निपजली. तिचे फळ कुणाच्या शेजारावर अवलंबून नव्हते. माणसाने तीच वेल उचलली, तिची काडी लावली, काडीची काडी लावली. आज जगभर लागवडीत असलेली बहुतेक द्राक्षे उभयलिंगी आहेत, ती या निवडीमुळे. नर की मादी की दोन्ही, हे ठरवणारा भाग द्राक्षाच्या दुसऱ्या गुणसूत्रावर आहे. साडेतीन हजारांहून अधिक वेलींच्या जनुकसंचांचा अभ्यास २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. त्यानुसार द्राक्षाची लागवड सुमारे ११,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशिया आणि कॉकेशस अशा दोन ठिकाणी सुरू झाली.

काही जुन्या जाती मात्र मादीच राहिल्या. स्पेनच्या आल्मेरिया भागातली ओहानेस ही त्यांतली प्रसिद्ध. तिचे टणक मणी बुचाच्या भुशात, लाकडी पिंपांत भरून बोटीने इंग्लंडला जात. या व्यापारासाठी तिथले शेतकरी परागकण देणाऱ्या वेलींचे फुललेले झुपके तोडून आणत आणि ओहानेसच्या घडांवरून हाताने फिरवत. सगळा मांडव एकेक घड करत परागित करायचा. आपल्याकडे व्हॅनिलाच्या वेलीवर किंवा सीताफळाच्या बागेत हाताने परागीभवन करतात, त्यांना हे कष्ट कळतील.

इथवर फूल उमलले. पण त्याची गोष्ट उमलण्यापासून सुरू होत नाही. नोव्हेंबरात दिसणारा घड त्याआधी पाच महिने, मे-जूनच्या उन्हात, काडीवरच्या डोळ्यात, म्हणजे न फुटलेल्या अंकुरात, बसलेला असतो, आणि तेव्हा त्याला आपण घड होणार की बाळी होणार हे ठाऊक नसते.

बाळी म्हणजे वेल तारेला पकडते तो वळणदार तंतू. द्राक्षाच्या फुटीवर पानाच्या बरोबर समोर कधी घड असतो, कधी बाळी. एकाच जागी दोन गोष्टी का येतात, याचे उत्तर असे, की त्या मुळात एकच गोष्ट आहेत. डोळ्याच्या आत, सूक्ष्मदर्शकाशिवाय न दिसणारा एक गोळा तयार होतो. तो फांद्या फोडत गेला तर घड होतो, फांद्या फोडायचा थांबला तर बाळी होते. मधेच अडखळला तर अर्धवट काहीतरी: बाळीच्या टोकाला लटकलेले चार मणी, किंवा बागायतदार ज्याला गोळी घड म्हणतात तो. नीट पाहिले तर प्रत्येक बागेत अशी धेडगुजरी रूपे सापडतात, आणि द्राक्षाबद्दल इतके काही उघड सांगणारी दुसरी गोष्ट मला माहीत नाही.

हा निकाल लावणारी दोन संप्रेरके आहेत. सायटोकायनिन गोळ्याला घडाकडे ढकलते, जिबरेलिन बाळीकडे. ऑस्ट्रेलियात श्रीनिवासन आणि मलिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस सायटोकायनिन देऊन बाळ्यांचे घड करून दाखवले. पुढे २००२ मध्ये तिथल्याच बॉस आणि थॉमस यांनी 'नेचर'मध्ये एक विलक्षण वेल मांडली. पिनो म्युनिए ही शॅम्पेनसाठी वापरली जाणारी जात आहे. तिची पाने पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी दिसतात, कारण तिच्या अंगाचा फक्त बाहेरचा थर एका जनुकबदलाने वेगळा झालेला आहे. या बाहेरच्या थरापासून त्यांनी अख्खी वेल वाढवली. ती बुटकी निघाली, आणि जिथे बाळ्या यायच्या तिथे तिला घड लागले. तिच्यातल्या बदललेल्या जनुकामुळे तिला जिबरेलिनचा इशारा ऐकूच येत नव्हता. गव्हाच्या ज्या बुटक्या वाणांनी १९६० च्या दशकात भारतात हरितक्रांती घडवली, त्यांच्या बुटकेपणामागचे जनुक याच जातकुळीचे आहे.

आता महाराष्ट्रातल्या बागायतदाराचे वर्ष या ज्ञानाशेजारी ठेवून पाहा. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात एकदाच फुटते आणि मे-जूनमध्ये फुलते. त्याच आठवड्यांत तिच्या नव्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे घडही आकार घेत असतात. एक थंड, ओला जून तिथे दोन हंगाम बिघडवतो. आपल्याकडे वेलीला झोपच नाही. म्हणून इथल्या शेतकऱ्यांनी वर्षातून दोन छाटण्यांची पद्धत बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. तिच्यानंतर येणाऱ्या काड्यांचे काम फळ देणे नसते, डोळे भरणे असते. ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी होते. तिच्यानंतर ते डोळे फुटून घड बाहेर येतात. युरोपची वेल जी दोन कामे एकाच वेळी करते, ती इथे सहा महिन्यांच्या अंतराने वाटून दिली आहेत. ही मोठी बुद्धिमान रचना आहे, आणि तिचे श्रेय शेतकऱ्यांना पुरेसे दिले गेले आहे असे मला वाटत नाही.

खरड छाटणीनंतरच्या साधारण ४० ते ७० दिवसांत सूक्ष्म घडनिर्मिती होते. या काळात बागेत जे काही चालते, ते सगळे गोळ्याला घडाकडे वळवण्यासाठी असते. फूट सात-आठ पानांवर खुडून सबकेन (उपकाडी) काढायची, म्हणजे वाढीचा जोर ओसरतो. गर्दीची पाने काढायची, म्हणजे डोळ्यावर ऊन पडते. पाणी आणि नत्र आवरायचे, कारण वेल माजली की जिबरेलिन वाढते आणि बाळ्या येतात. सीसीसी हे वाढरोधक फवारायचे, कारण ते जिबरेलिन तयार होण्याला आळा घालते. सिक्स-बीए फवारायचे, कारण ते स्वतःच एक सायटोकायनिन आहे. आभाळ सतत भरलेले राहिले, ऊन पडले नाही, की हे सारे करूनही डोळे रिकामे राहू शकतात. ऑक्टोबरच्या छाटणीआधी बागायतदार काड्या घेऊन प्रयोगशाळेत जातात. तिथे डोळा उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, कितव्या डोळ्यात घड आहे हे ठरवतात, आणि त्यावर कात्री किती डोळ्यांवर चालवायची ते ठरते. त्या काचेखाली दिसणारा पांढुरका ठिपका म्हणजे न जन्मलेला फुलोरा. त्यात अजून एकही फूल नसते. फुले डोळा फुटता फुटता घडतात, छाटणीनंतरच्या त्या पहिल्या दिवसांतच. म्हणून तेव्हा थंडी आली किंवा काडीत साठवण कमी असली, की तयार घडही फुटताना आखडतो, बाळीवर जातो. 'घड जिरला' असे बागायतदार म्हणतात. जिरला हा शब्द मला अचूक वाटतो. घड कुठे पडत नाही, तुटत नाही. तो वेलीतच परत विरतो.

फुटलेला घड पोपटी रंगाचा झाला, की एक गंमतीची उलटापालट होते. ज्या जिबरेलिनला जूनमध्ये बागेतून हद्दपार करायचे, त्याचीच आता फवारणी करतात. बागेत त्याला 'जीए' म्हणतात. १० पीपीएमची, म्हणजे लिटरमागे दहा मिलिग्रॅमची पहिली फवारणी पोपटी अवस्थेत होते. त्याने घडाचा दांडा आणि पाकळ्या लांबतात (बागेच्या भाषेत घडाच्या फांद्यांनाही पाकळ्याच म्हणतात) आणि फुलांना एकमेकांपासून अंतर मिळते. नंतर मणी धरल्यावर घड जीएच्या द्रावणात बुडवतात, हेच 'डिपिंग'. जिबरेलिनचा शोध द्राक्षात लागलेला नाही. जपानात भाताची रोपे एका बुरशीने खुळ्यासारखी उंच वाढून कोसळत. तो प्रकार बुरशीने सोडलेल्या रसामुळे होतो हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले, आणि पुढे त्या रसातले द्रव्य वेगळे काढले गेले.

डिपिंगची गरज का पडते, याचे उत्तर पुन्हा फुलातच आहे. मण्याच्या वाढीसाठी लागणारे जिबरेलिन मुख्यतः बिया पुरवतात, आणि आपल्या थॉमसन सीडलेस या जातीत बिया नाहीत. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बिनबियांचे द्राक्ष म्हणजे फलन न झालेले द्राक्ष, असे बहुतेकांना वाटते. थॉमसनमध्ये पराग पडतो, परागनलिका बीजांडापर्यंत पोहोचते, फलन होते, बी धरायला सुरुवातही होते. मग काही आठवड्यांत तिची वाढ थांबते आणि ती मऊ, कोवळीच राहते. मणी उभा कापून उजेडात धरलात तर या बियांचे पांढरट अवशेष दिसतात. ज्यात फलनच लागत नाही असे द्राक्षही आहे: ब्लॅक कोरिंथ, ज्याचे मिरीएवढे मणी वाळवून केकमधले काळे करंट करतात. तिथे बी नाही, म्हणून मणीही तेवढाच. तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे सांगली आणि सोलापूरच्या शेतकऱ्यांनी आपल्या बागांत हेरलेले थॉमसनचेच अवतार आहेत. त्यांचे फूल थॉमसनचेच आहे, त्यामुळे ही अर्धवट राहिलेली बीसुद्धा त्यांना वारशाने मिळाली.

नवी जात संकरातून करायची तर मात्र या टोपड्याशी हातानेच झगडावे लागते. फूल स्वतःचाच पराग घेते, म्हणून उमलण्याआधीच चिमट्याने टोपडे धरून परागकोशांसकट उचलावे लागते, अंडाशयाला धक्का न लावता. एका घडावर अशी शेकडो फुले असतात. मग त्यावर दुसऱ्या जातीचा पराग लावून घड पिशवीत बांधायचा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही रसासाठीची जात कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून आली आहे. अशा जातीच्या मुळाशी कुणीतरी भिंगाखाली मान वाकवून काढलेली टोपडी असतात.

एका घडावर काही शे, मोठ्या घडावर हजाराहूनही जास्त फुले असतात. ती सगळी मणी झाली तर घड स्वतःच्याच दाबाने फुटेल. सर्वसाधारणपणे शंभरांतली वीस ते पन्नास फुले धरतात, बाकीची फुलोऱ्यानंतर आठ-पंधरा दिवसांत देठासकट गळतात. ही गळ रोग नाही, वेलीचा हिशेब आहे. फुलोऱ्यात ऊन कमी पडले, थंडी वाढली किंवा नवी फूट जोरात धावत सुटून अन्न ओढू लागली, की हा हिशेब चुकतो. मग घड विरळ पडतो, नाहीतर एकाच घडावर हरभऱ्याएवढे आणि ज्वारीएवढे मणी शेजारी शेजारी राहतात. आपल्या बागांत उलट तक्रारही असते, फार मणी धरल्याची. मग कात्री घेऊन विरळणी. मान वर करून दिवसभर मांडवाखाली उभ्या राहणाऱ्या बायका एकेका घडातून नको ते मणी काढत जातात, निर्यातीच्या घडावर शंभरच्या आसपास ठेवतात. फुलाने जे ठरवायचे होते ते शेवटी त्यांच्या बोटांवर येते.

फुलोऱ्याची आणखी एक बाजू आहे, आणि ती भीतीची आहे. टोपडे गेल्यावर अंडाशय उघडा पडतो. डाऊनी या रोगाची बुरशी कोवळ्या फुलांत आणि नुकत्या धरलेल्या मण्यांत सहज शिरते. घडात अडकून कुजणारी टोपडी करड्या बुरशीला आयता आसरा देतात. बागलाण आणि देवळा भागातले शेतकरी लवकरच्या भावासाठी पावसाळ्यातच छाटणी घेतात, म्हणजे त्यांची फुले थेट पावसात उमलतात; तो जुगार ते दरवर्षी डोळे उघडे ठेवून खेळतात. पण आता ऑक्टोबरची छाटणीही निर्धास्त राहिलेली नाही. २०१९ मध्ये परतीचा पाऊस नोव्हेंबरपर्यंत लांबला आणि नाशिक जिल्ह्यात फुलोऱ्यातल्या बागा कुजल्या. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड तालुक्यात गारपीट झाली. गारांनी घड तुटलेले फोटो वर्तमानपत्रांत आले. फुलोऱ्यातल्या आठ दिवसांत पाऊस पडला, तर घड शाबूत दिसूनही आत मणी नसतो. त्याचे फोटो येत नाहीत, आणि पंचनाम्यात ते दाखवणेही अवघड जाते. पिकाच्या नुकसानीची पाहणी करणाऱ्यांच्या हातात एक भिंग असावे, ही माझी साधी मागणी आहे.

तुमच्या ताटातल्या द्राक्षाकडे आता एकदा पाहा. देठाच्या बाजूला मणी ओढून काढल्याची खूण असते. तिच्या बरोबर समोर, मण्याच्या दुसऱ्या टोकाला, नखाच्या टोकाएवढाही नसलेला एक तपकिरी ठिपका दिसेल. नोव्हेंबरच्या सकाळी टोपडे निघाल्यावर ज्या कुक्षीवर पराग पडला, तिचा तो व्रण आहे.